रेघेवर दुसरी रेघ

थर्माकोलसारख्या पण त्याहून चिवट फोमचं ते जेट विमान आमच्या इंदिरानगरच्या घरात जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे उभं होतं. लांबी सव्वा मीटर, पंखांचा पसारा नव्वद सेंटिमीटर, बॅटरीसह वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. आम्ही तेवढे दिवस खाली चटई टाकून जेवलो. त्या तीन आठवड्यांत माझ्या हातून एक चूक झाली. ती कुणावर ढकलण्यासारखी नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मोजमापाच्या विभागात आहे. वय बावन्न. रविवारी सकाळी रिमोटवरची विमानं उडवणारे आम्ही सात-आठ जण शहराबाहेरच्या एका माळावर जमतो. या छंदाला शिस्त लागली ती माझ्या सासऱ्यांमुळे. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामा ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची अठरा इन्स्पेक्टर म्हणून. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्हा दोघांत बोलण्यासारखं फारसं नव्हतं. कांद्याचा भाव, पाणी किती दिवसांनी येतं आणि जेवण झालं का, एवढंच. मग एकदा त्यांनी माझं पहिलं विमान हातात घेतलं, उलटं केलं, पंखाचा सांधा पाहिला आणि विचारलं, "हे पास कोणी केलं?"

"पास असं काही नाही मामा. मीच जोडलं."

"जोडणाऱ्याने पास करायचं नसतं," ते म्हणाले. "त्याला जे करायचं होतं तेच त्याला दिसतं. जे झालंय ते दिसत नाही."

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विमानाची तपासणी मामा करत आले. दर शनिवारी अकराच्या सुमारास ते आणि मामी स्कूटरवरून ओझरहून येत, जेवत, संध्याकाळी साडेचारला परत जात. आमच्या घरापासून ओझर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि जवळजवळ सगळा रस्ता मुंबई-आग्रा महामार्ग.

मामांचे नियम थोडेच होते. इन्स्पेक्टर तपासत असताना जोडणाऱ्याने जवळ थांबायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. पास झालं की पंखाखाली कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर दोघांनी पेन्सिलने सही करायची, आधी माझी, मग त्यांची. सही झाल्यावर इन्स्पेक्टरला न सांगता काही उघडायचं नाही. आणि लाल रेघ. स्क्रू घट्ट केला की त्याच्या डोक्यावरून तो ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या पट्टीपर्यंत लाल रंगाची एक सरळ रेघ ओढायची. स्क्रू आपोआप ढिला झाला, फिरला, तर रेघ तुटते: अर्धी डोक्यावर, अर्धी पट्टीवर, आणि दोन्हींची तोंडं दोन दिशांना. तपासताना पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, फक्त रेघ बघायची. कारखान्यात त्यासाठी वेगळा रंग होता. आम्ही मामींचं लाल नेलपॉलिश वापरायचो. "माझ्या नखांना लागत नाही ते तुमच्या विमानाला लागतं," मामी म्हणायच्या, पण बाटली संपली की नवी त्याच आणायच्या.

या जेटचे पंख आणि फिन मी डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी बसवले. फिन म्हणजे शेपटीवरचे उभे पंख. या विमानाला ते दोन होते, थोडे बाहेर कललेले. आधी विमानाच्या पोटातून कार्बनची एक पोकळ नळी आरपार घातली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी पंख सरकवायचे असतात, पण त्याआधी पंखातली वायर पोटातल्या भोकातून ओढून घ्यावी लागते, नाहीतर ती सांध्यात चिमटते. उजव्या पंखाची वायर दोनदा चिमटली. पंख पोटाला भिडल्यावर फट राहिली का ते मी कागदाच्या पट्टीने पाहिलं. पट्टी कुठेच आत गेली नाही. मग खालून प्रत्येक पंखाला दोन स्क्रू, एक पुढे, एक मागे. फिनच्या खाचेत गोंद आणि बाजूने प्रत्येकी दोन स्क्रू, एक वर, एक खाली. गोंद ओला असताना दोन्ही फिनच्या टोकांमधलं अंतर मोजलं, दोन मिलीमीटर जास्त आलं, म्हणून डावा फिन काढून पुन्हा बसवला. एकूण आठ स्क्रू, आठ रेघा. वेळ तीन तास दहा मिनिटं.

मामांनी तपासलं, सही केली आणि नेहमीचा नियम सांगितला. नवीन विमानाचा फोम पहिले काही दिवस बसतो, दबतो, आणि स्क्रू ढिले होतात. म्हणून तीन शनिवार रेघा बघायच्या, प्रत्येक वेळी नवी चिकटपट्टी, नवी सही. तिसऱ्या सहीशिवाय विमान उडवायचं नाही.

त्याच दुपारी मी गॅलरीत फोमचा भुगा झाडत होतो. मामी आल्या आणि दार लोटून घेतलं.

"जावईबापू, एक सांगायचं होतं. ह्यांना दिसत नाही."

मला वाटलं चष्म्याचं काही असेल.

"चष्म्याचं नाही. तांदूळ निवडायला दिले तर खडे तसेच राहतात, आणि वर मलाच म्हणतात, दुकान बदल. परवा माझी धाकटी जाऊ दारात उभी राहिली तर ओळखलं नाही. ती बोलली तेव्हा म्हणाले, 'अगं, तू होय.' पेपर धरून बसतात, पण पान उलटत नाहीत."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"म्हणतात, दोन्ही मोतीबिंदू काढून झाले, आता काय डोळेच बदलायचे का?" त्या थांबल्या. "डोळ्याचं राहू द्या हो. स्कूटरवर मागे मी बसते ना! गेल्या आठवड्यात उभ्या ट्रॉलीला आरसा घासला. उतरून त्या ट्रॉलीवाल्यालाच लय बोलले. त्याने बिचाऱ्याने चहा सोडून ऐकून घेतलं."

माझ्या बायकोने हा विषय एकदा वडिलांसमोर काढला होता. तेव्हा ते तिच्यावर असे ओरडले की ती दोन दिवस नीट बोलली नव्हती. त्याचं कारण मला तिने तेव्हा सांगितलं नव्हतं. ते मला मामींकडून आत्ता कळलं.

"तुम्ही जावई. तुमच्यावर ओरडणार नाहीत," मामी म्हणाल्या. "त्या विमानावरून तुम्हीच बघा, दिसतं का नाही. बाकी कशातही थापा मारतील. विमानाच्या बाबतीत मारणार नाहीत."

कसं बघायचं ते मला मामांनीच एकदा सांगून ठेवलेलं होतं. त्यांच्या वेळी कधीतरी साहेब तपासणीच्या मालात मुद्दाम एक दोष ठेवून पाठवायचे. त्याला ते 'पेरलेली खोट' म्हणायचे. ज्या इन्स्पेक्टरच्या नजरेतून ती सुटली त्याचा शिक्का पुन्हा परीक्षा देईपर्यंत काढून घेत. मामांच्या नजरेतून अठरा वर्षांत एकही सुटली नव्हती. ही गोष्ट ते वारंवार सांगत नसत, पण सांगत तेव्हा आकडा सांगत.

पहिल्या शनिवारी सकाळी मी उजव्या पंखाचा मागचा स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला. रेघ तुटली. मी टेपने मोजून सत्तर सेंटिमीटरवर उभा राहिलो, चष्मा काढला, तरी ती तुटलेली मला स्पष्ट दिसत होती. टेबल खिडकीजवळ होतं, ऊन आत येत होतं.

मामा आले, हात धुतले, नॅपकिनला पुसले, आणि मी स्वयंपाकघरात गेलो. बारा मिनिटांनी त्यांनी हाक मारली.

"आठच्या आठ शाबूत. द्या पेन्सिल."

मी माझी सही केली आणि पट्टी त्यांच्याकडे दिली. त्यांनी पट्टी चेहऱ्याजवळ नेऊन सही केली. मग आम्ही जेवलो. साडेचारला ते निघाले. मी गॅलरीत उभा होतो. मामींनी पदर खोचला, एक हात मामांच्या खांद्यावर ठेवला, आणि स्कूटर कोपऱ्यावरून वळली. मी आत येऊन स्क्रू घट्ट केला. जुनी रेघ पुसायला हवी होती, पण नेलपॉलिश काढायचं पाणी फोमला लागलं तर फोम विरघळेल अशी भीती होती, म्हणून जुन्या रेघेवरच नवी ओढली. वहीत लिहिलं: बघितले आठ, तुटलेला एक, सापडला शून्य.

बायकोने विचारलं, "काय झालं?"

"सापडली नाही."

"मग?"

"एका मोजणीवरून काही सांगता येत नाही. अजून दोन शनिवार बघू."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय? इतके दिवस येतातच की."

हे मी शब्दशः असंच म्हणालो. आमच्या खात्यात एक मोजणी म्हणजे मोजणीच नाही. निदान तीन लागतात, आणि त्यात एक अशी, की जिच्यात दोष नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. ही सवय नोकरीत मला नेहमी उपयोगी पडली आहे. सासऱ्यांना समोर बसवून "मामा, तुम्हाला दिसत नाही" म्हणण्यापेक्षा आणखी दोन शनिवार मोजणं मला सोपं गेलं, हेही तितकंच खरं. तेव्हा मी स्वतःला फक्त पहिलं कारण सांगत होतो.

दुसऱ्या शनिवारी दोन स्क्रू फिरवले: डाव्या फिनचा वरचा आणि डाव्या पंखाचा पुढचा. या वेळी मी नियम मोडून स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मामा विमानाकडे सरळ बघत नव्हते. मान वळवून, कान लावून ऐकावं तसे वाकले होते, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. सरळ बघितलं की त्यांची नजर रेघेवरून नुसती सरकत होती. मधलं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं.

"जावईबापू! या इकडे. डाव्या फिनची वरची गेली."

मी गेलो. त्यांच्यासमोर स्क्रू घट्ट केला, नवी रेघ ओढली.

"म्हणून तीन शनिवार," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "उडवलं असतं तर फिन माळावर शोधत बसला असतात. काय गं, कळलं का तुझ्या नवऱ्याला?"

"कळलं असेल," बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

डाव्या पंखाची रेघ तुटलेलीच होती. त्यांनी सही केली. साडेचारला ते गेले, आणि मी पुन्हा घट्ट करून रेघेवर रेघ ओढली. बायकोने सहा वाजता फोन केला. पलीकडून मामांचा आवाज मला ऐकू आला: "पोचलो गं. तू काय दर शनिवारी हजेरी घ्यायला लागलीस?"

तिसरा शनिवार संक्रांतीच्या नंतरचा होता. मामी तिळाच्या वड्या आणि ओल्या हरभऱ्याच्या दोन जुड्या घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी मी एकही स्क्रू फिरवला नव्हता. ती माझी दोष नसलेली मोजणी होती. संध्याकाळी ते परत गेले की रविवारी ओझरला जाऊन मामांशी बोलायचं असं मी ठरवलं होतं.

मी, मामी आणि बायको स्वयंपाकघरात हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो. बारा मिनिटं झाली, वीस झाली, पंचवीस झाली. मी दारातून पाहिलं. मामांनी विमान उलटं करून मऊ टॉवेलवर ठेवलं होतं. डोळे मिटलेले होते. अंगठ्याच्या नखाने ते एकेक रेघ चाचपत होते, डोक्यावरून पट्टीपर्यंत, सावकाश, आणि पुन्हा उलट. गेल्या आठवड्याभरात त्यांनी ही युक्ती शोधली असणार. रेघ तुटली असेल तर ती नखाला कळते.

"जावईबापू."

मी गेलो.

"डाव्या फिनची वरची. दोन थर आहेत. ती मागच्या शनिवारची, माझ्यासमोर केलेली. बरोबर?"

"बरोबर."

"उजव्या पंखाची मागची. हिलाही दोन थर. ही कधी केली?"

मी वाकून ती रेघ पाहिली.

"आणि डाव्या पंखाची पुढची. तिलाही दोन." त्यांनी डोळे उघडले. "माझ्या सहीनंतर कोणी उघडलं?"

एक उत्तर माझ्याकडे तयार होतं. पॉलिश फिकट वाटलं म्हणून दुसरा हात मारला, असं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. मी ते म्हटलं नाही, पण ते मनात आलं होतं हे खरं.

"उघडलं सहीच्या आधी होतं, मामा. सहीनंतर मी घट्ट केलं."

त्यांनी अंगठा रेघेवरून उचलला. मग म्हणाले, "पेरली होती."

"हो."

"किती?"

"तीन शनिवार मिळून चोवीस स्क्रू. तीन तुटलेले होते. एक सापडला."

"आज?"

"आज एकही नाही."

मला वाटलं आता ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. हिशेब समजून घेताना करतात तसा त्यांनी ओठांचा चंबू केला.

"पहिली कधी सुटली?"

"पहिल्याच शनिवारी."

"म्हणजे चौदा दिवस झाले." त्यांचा आवाज खाली गेला होता. "आमच्याकडे खोट सुटली तर शिफ्ट संपायच्या आत माणसाला सांगायचे. का, माहिताय? त्याचा अपमान करायला नाही. त्याच्या हातून तेवढ्यात दुसरं काही पास होऊन जाऊ नये म्हणून. तुम्हाला त्याच दिवशी कळलं, आणि तुम्ही मला पास करत ठेवलं."

"मामा..."

"दोनदा मी हिला मागे बसवून गेलो. तुम्ही वर गॅलरीत उभे होता. हात हलवलात."

"हो."

"कशासाठी थांबलात?"

"मला तीन मोजण्या हव्या होत्या."

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हाच मला ते नीट ऐकू आलं. आजवर मी ते कितीतरी लोकांना सांगितलं असेल, आणि कधीही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मामांनी विमानाकडे बोट केलं. "ह्याच्यात माणूस बसत नाही," ते म्हणाले. "ह्याच्या तुम्ही शंभर मोजण्या घ्या."

स्वयंपाकघराच्या दारात मामी येऊन उभ्या होत्या, हातात सोललेल्या दाण्यांची ताटली. "मी सांगितलं त्यांना. बोलायचं तर मला बोला."

"तू गप."

"का गप? मागे कोण बसतं?"

मामांनी पेन्सिल बाजूला सारली. त्यांच्यासमोरची नवी चिकटपट्टी कोरीच होती. तिच्यावर आधीची सही करायचा मलाही धीर झाला नाही.

जेवताना मामांनी भात परत घेतला नाही. चार वाजता ते उठले, हेल्मेट घेतलं, आणि मी म्हटलं, "मामा, आज मी गाडीने सोडतो."

"का?"

"तुम्हाला माहीत आहे का ते."

"नाही, सांगा ना. तुम्ही आकड्यांचे लोक. ती रेघ केवढी जाड? अर्धा मिलीमीटर. ट्रक काय अर्ध्या मिलीमीटरचा असतो? बस अर्ध्या मिलीमीटरची असते? रेघ दिसली नाही म्हणून ट्रक दिसणार नाही, हे कोणत्या वहीत आहे तुमच्या?"

त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. रेघेवरून ट्रकाचं काही सिद्ध होत नव्हतं. "ते मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "ते मी मोजलेलं नाही."

"झालं तर मग."

"झालं काय?" माझी बायको भांडी तशीच टाकून बाहेर आली. हात ओले होते. मागच्या वेळी ती ऐकून गप्प बसली होती, या वेळी तिचा आवाज एकदम सरळ होता. "जे मोजलेलं नाही ते मोजायला आईला मागे बसवायचं नाही. एकदा ह्यांनी बसवलं, दोनदा बसवलं. आता पुरे."

मामांनी लेकीकडे पाहिलं. मान किंचित वळवून, कोपऱ्यातून, कारण सरळ बघितलं असतं तर तिचा चेहराच दिसला नसता. हे मला त्या क्षणी कळलं, आणि बहुधा तिलाही.

"आजच्या दिवस," ते म्हणाले. "सोमवारी बसने येऊन स्कूटर घेऊन जाईन." किल्ली त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवून जिना उतरले.

गाडीत मामा माझ्या शेजारी बसले, मामी आणि बायको मागे. मुंबई नाक्यावर सिग्नल लागला. द्वारकेच्या चौकात नेहमीचा खोळंबा होता. मामा मला रस्ता सांगत होते: पुढे रिक्षा थांबतात, तिथे डावी बाजू सोडा, इथे शाळेचं फाटक आहे, इथून बस अचानक बाहेर येते. सगळं बरोबर होतं. एकेका वळणाच्या आधी त्यांचा शब्द यायचा आणि मग ते वळण यायचं. मला एकदा असंही वाटलं की आपण उगाच एका माणसाचा रस्ता काढून घेतो आहोत.

आडगाव मागे पडलं. महामार्गाला ट्रकांची रांग होती, कांद्याच्या गाड्या, टँकर, एक लग्नाची बस.

"आता उजवीकडे घ्या," मामा म्हणाले. "डावीकडे खड्डा आहे. मोठा आहे, स्कूटरचं अख्खं चाक जातं."

मी समोर पाहिलं. रस्ता सपाट होता. डाव्या बाजूला डांबराचं एक चौकोनी काळं ठिगळ होतं, कडा आता रस्त्याच्या रंगाला मिळत आलेल्या. उजवीकडून एक टँकर बरोबरीने येत होता. मी सरळ गेलो. चाकाला काही लागलं नाही.

"चुकवला का?"

"नाही मामा. तो बुजवलाय."

"कधी?"

मला नक्की आठवेना. मागून मामी म्हणाल्या, "गणपती उठले त्याच आठवड्यात बुजवला."

टँकर पुढे निघून गेला.

"मी तर दर शनिवारी चुकवत होतो," मामा म्हणाले.

"माहिताय."

"ट्रकाच्या पुढ्यात घ्यायचो, तसा?"

"मागून हॉर्न देत यायचे. मी तुमचा शर्ट धरून बसायची."

"मग सांगितलं का नाहीस, बुजवलाय म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मला दिसतंय."

मामांनी काचेकडे तोंड केलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गणपतीपासून मागच्या आठवड्यापर्यंत किती शनिवार झाले?"

मी मनात मोजून ठेवलेलेच होते. सांगावं की नाही, असं वाटलं. मग वाटलं की एकदा चौदा दिवस थांबून झालं आहे.

"अठरा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आकडा कमी-जास्त आहे का असं ते विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. ओझरच्या अलीकडे, दहावा मैल म्हणतात त्या थांब्याजवळ, त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि मागे न वळता, खांद्यावरून हात मागे नेला. मामींना ती लगेच दिसली नाही, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मामांनी हात तसाच धरून ठेवला. मी वेग कमी केला. मग मामींनी ती घेतली, पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली, आणि घर येईपर्यंत गाठ मुठीत धरून बसल्या.